आवलीच्या बाजूनं

पांडुरंगा, देहू आणि आळंदीच्या मधल्या मातीतून मी तुला हाक मारते आहे. एका अंगाला तुकोबांचं गाव, दुसऱ्या अंगाला माउलींची समाधी, खाली चिंचवडला पवनेच्या काठी मोरया गोसावी. आणि आसपास भोसरी, तळवडे, निघोजे, महाळुंगे, कुरुळी, खराबवाडी, चाकण. इथे गाड्यांचे सांगाडे जोडले जातात, गिअर कापले जातात, भट्ट्या रात्रीही विझत नाहीत आणि दिवसातून तीनदा कंपनीच्या बसमधून माणसं उतरतात नि चढतात. ती माणसं माझी आहेत. काही रक्ताची, काही शेजारची, काही नुसती रोज दिसणारी. त्यांच्यासाठी मागायला आले आहे.

तुझ्याकडेच का, तर तुला थांबता येतं म्हणून. पुंडलिक आईवडिलांच्या सेवेत होता, त्यानं वीट पुढे केली आणि तू तिच्यावर उभा राहिलास. घरच्या माणसाची सेवा उरकेपर्यंत देवानं दारात ताटकळावं, यात तुला कमीपणा वाटला नाही. आमच्या पट्ट्यात कुणाला कुणासाठी थांबायची सोय नाही, देवा. लाइन थांबत नाही, बस थांबत नाही, हप्त्याची तारीख थांबत नाही. ज्याला थांबायची सवय आहे त्याच्यापाशीच हे बोलावं, असं वाटलं.

आधीच सांगते, आमच्या हातचा पैसा काढून घे असं मी मागणार नाही. 1954 मध्ये पिंपरीला पेनिसिलिनचा सरकारी कारखाना उभा राहिला, 1962 मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, मग स्कूटरचे, ट्रकचे कारखाने आले. त्याआधी आमच्या माळरानावर पाऊस पडला तर बाजरी होती, न पडला तर काही नव्हतं. 1972 च्या दुष्काळात खडी फोडलेल्या बायका मी पाहिल्या आहेत; म्हातारपणीही त्यांच्या तळहाताची कातडी मऊ झाली नव्हती. त्यांच्या घरात ज्या दिवशी ‘पोरगा कंपनीत लागला’ हे वाक्य बोललं गेलं, त्या दिवशी त्यांनी तुझ्यापुढे साखर ठेवली. 1970 मध्ये इथे नगरपालिका झाली, 1982 मध्ये महापालिका, आणि पुढे तिला आशियातली सगळ्यांत श्रीमंत महापालिका म्हणू लागले. त्या श्रीमंतीत माझ्या आजीच्या डोळ्यांचं ऑपरेशन आहे, आत्याच्या मुलीचं डी.एड. आहे, हंड्यांची रांग संपवणारा घरातला नळ आहे. याला मोह म्हणायला माझी जीभ वळत नाही. गरिबीची थोरवी मला सांगवत नाही, कारण ती भोगलेल्यांपैकी कुणीही ती सांगताना मी ऐकलेलं नाही.

मग मागते काय, ते सांगायला मला तुकोबांच्या घरात यावं लागेल.

महाजनकीचं घर ते. वाण्याचं दुकान, सावकारी, माणसांचा राबता. मग दुष्काळ आला. पहिली बायको अन्नाविना गेली, मुलगा गेला, दुकान बुडालं. त्यानंतर तुकोबांनी लोकांची देणी लिहिलेली खतं बाहेर काढली आणि इंद्रायणीत सोडली. ही गोष्ट इथल्या प्रत्येक कीर्तनात सांगितली जाते. तिच्यातला एक भाग मात्र घाईत सांगून टाकतात. तुकोबांनी सगळी खतं बुडवली नाहीत. त्यांनी आधी वाटणी केली, धाकट्या भावाची, कान्होबाची अर्धी त्याच्या हाती दिली, आणि बुडवली ती आपल्या वाट्याची. कान्होबाचाही संसार होता. आपल्या वैराग्याचा भार भावाच्या चुलीवर टाकायचा नाही, एवढं भान त्या क्षणीही त्या माणसाला होतं. आमच्याकडे वाटपाचे दावे चालतात, तारखांवर तारखा पडतात. त्या कोर्टाच्या बाकावर बसून मला नेहमी ही अर्धी खतं आठवतात.

पण कान्होबाला अर्धं मिळालं, आणि तुकोबांच्या दुसऱ्या बायकोला, आवलीला?

तिला डोंगर मिळाला. तुकोबा भामचंद्रावर, भंडाऱ्यावर जाऊन बसत आणि ती भाकरी घेऊन उन्हात वर चढे. पोरं घरी, कणगी रिकामी, गावाची बोलणी वेगळी. तिनं तुला काळा म्हणून शिव्या घातल्या, त्याही लोकांनी जपून ठेवल्या आहेत. वाटेत तिच्या पायात काटा मोडला तेव्हा तो काढायला तू स्वतः आलास, असं सांगतात. मला ही गोष्ट फार खरी वाटते. जो डोंगरावर बसून तुझं नाव घेत होता त्याच्याकडे तू जाणारच होतास. जी तुझ्या नावानं बोटं मोडत त्याची भाकरी वाहत होती, तिच्या पायाशी तू बसलास. म्हणून तुकोबांपुढे डोकं ठेवते, पण मागणं मात्र आवलीच्या बाजूनं मागते. कुणी देवामागे गेलं काय किंवा पैशामागे गेलं काय, मागे राहिलेल्या माणसाला चढ तेवढाच असतो.

आवलीच्या पोटी नारायणबाबा जन्मले ते तुकोबा गेल्यावर. बापाचं तोंड न पाहिलेल्या त्या मुलानं 1685 मध्ये बापाच्या पादुका पालखीत ठेवल्या आणि तुझ्या वाटेला लागला. आजही ती पालखी देहूतून निघते, दुसरा मुक्काम आकुर्डीच्या तुझ्या देवळात करते आणि कारखान्यांच्या भिंतींवरून पुण्याकडे जाते. शिफ्ट सुटलेली माणसं डब्याची पिशवी खांद्याला अडकवून रस्त्याच्या कडेला हात जोडतात. त्या गर्दीत कितीतरी नारायण असतात, देवा. त्यांचे बाप जिवंत आहेत, एकाच घरात आहेत, पण जागेपणी भेटत नाहीत.

मी त्या घरात वाढले. माझे वडील पिंपरीला कंपनीत होते, एका आठवड्याला पहिली पाळी, पुढच्याला दुसरी, त्याच्या पुढच्याला नाइट. नाइटच्या आठवड्यात दुपारी घरात पावलं वाजवायची नाहीत, कुकर लावायचा नाही, भांडण झालं तर अंगणात जाऊन भांडायचं. ओटी, म्हणजे ओव्हरटाइम, मिळाली की आई खूश होई आणि तिच्या चेहऱ्यावर दुसरंही काहीतरी येई, ते मला फार उशिरा कळलं. त्या जादा तासांतून माझ्या कॉलेजची फी निघाली. ते तास परत मागायला मी आलेली नाही. ज्यांच्या घरी आज लहान मुलं आहेत त्यांच्यासाठी मागते. बापाला रविवारची ओटी नाकारायचं धाडस एखाद्या रविवारी तरी होऊ दे. त्यानं नाकारली म्हणून सुपरवायझरनं त्याचं नाव मनात धरू नये. आणि त्या रविवारी घरी आल्यावर त्याला काय करावं ते सुचू दे. कित्येकांना सुचत नाही, मुलांजवळ बसायची सवयच गेलेली असते.

आता जमिनीचं. भामचंद्राचा डोंगर तुला माहीत आहे. तुकोबा जिथे एकांतासाठी बसले, तिथून खाली पाहिलं की कारखान्यांची निळी-पांढरी छपरं दिसतात. सातबाऱ्यावर एमआयडीसीचा शिक्का पडला, मोजणी झाली, भूसंपादनाचे पैसे आले. शिक्क्याबाहेर जे राहिलं ते गुंठ्यागुंठ्यानं गेलं. हंगामाला जेवढं येईल तेवढंच पिढ्यान्‌पिढ्या पाहिलेल्या घराच्या खात्यात एका सकाळी कोटीचा आकडा आला. लोक त्यांना गुंठामंत्री म्हणून हसले. मोठी गाडी, गळ्यातल्या साखळ्या, चौकातले फ्लेक्स, सगळं दिसण्यासारखंच होतं. मला हसू आलं नाही. त्यांच्या ओसऱ्यांवर मी खेळले आहे, आणि त्या ओसऱ्यांचं पुढे काय झालं तेही मी पाहिलं आहे.

विठ्ठला, शेताला माणसं लागतात. बांधावरून भाऊ भाऊ भांडले, महिनामहिना बोलले नाहीत, तरी कांद्याच्या लागणीला एकमेकांच्या रानात दिसायचे. विहिरीवरची मोटर जळाली की रात्री बॅटरी घेऊन दोघंही विहिरीत उतरायचे. जावाजावांचं पटत नसलं तरी रानातली भाकरी एकाच टोपल्यातून जायची. त्यांचं एकमेकांवर फार प्रेम होतं असं मी म्हणत नाही. एकट्यानं शेत होत नव्हतं. पैशाला माणसं लागत नाहीत. तो शेवटच्या रुपयापर्यंत वाटता येतो आणि वाटून झाला की कुणाला कुणाची गरज उरत नाही. जमीन गेली तेव्हा मोजणी झाली ती एकरांची, झाडांची, विहिरींची. घर धरून ठेवणारी ती गरजही जमिनीबरोबर गेली, तिचा पंचनामा कुणी केला नाही. आता गरज नसताना एकत्र राहायचं आहे आणि ते आमच्या कुठल्याच पिढीला करावं लागलेलं नाही. हे तू शिकव. मला वाटतं, आमच्या पट्ट्याची सगळ्यांत मोठी भीक हीच आहे.

आणि बहिणींचं. तुला माहीत आहे, आमच्याकडे मोबदल्याची नोटीस आली की बहिणींना वर्षानुवर्षं न आलेले फोन येतात. ‘ताई, एक सही पाहिजे.’ हक्कसोड पत्राचा कागद पुढे येतो, साडी येते, जेवण होतं. मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका वाटा महाराष्ट्रानं 1994 मध्ये दिला, देशानं 2005 मध्ये दिला, आणि उरलेली शंका सर्वोच्च न्यायालयानं 2020 मध्ये मिटवली. कायद्यात आता संशयाला जागा नाही. संशय आहे तो ओसरीवर. वाटा मागितला तर माहेर तुटेल, ही भीती घालून बाईकडून सही घेतली जाते. आणि तिनं वाटा मागितला की हिलाच पैशाची हाव, असं ठरतं. घर मोडल्याचा आळ नेहमी मागणाऱ्यावर येतो, न देणाऱ्यावर येत नाही. पांडुरंगा, हा आळ खाली उतरव. ज्या बहिणीनं आनंदानं सही केली तिचा आनंद खरा असू दे, आणि जिनं केली नाही तिला भावाच्या दारात पाहुणचार कमी पडू देऊ नकोस.

मी दुसरंही पाहिलं आहे, तेही तुझ्या कानावर घालते. आमच्याच वाडीत एका थोरल्या भावानं पैसे आले त्या आठवड्यात तिन्ही बहिणींना बोलावलं, आईला मध्ये बसवलं आणि सगळ्यांचे आकडे मोठ्यानं वाचले. आईचा वेगळा, बहिणींचे भावांइतके. धाकट्याच्या कपाळावर आठी आली तेव्हा तो म्हणाला, ‘बांधावर तिघी आपल्यासंगं राबल्यात.’ एवढंच. पुढे त्या घरात भांडणं झालीच नाहीत असं नाही, पण कोर्टाची पायरी कुणी चढलं नाही. त्या माणसाचं नाव मी इथे घेत नाही, त्याला आवडणार नाही. तू त्याला ओळखतोस. त्याच्यासारखी थोडी माणसं गावोगाव दे.

जे इथे जमिनीविना आले त्यांना विसरू नकोस. मराठवाड्यातून, विदर्भातून, खानदेशातून आयटीआय करून आलेली मुलं खराबवाडीच्या, महाळुंग्याच्या खोल्यांत कॉट बेसिसवर राहतात. पाळीनं कामाला जातात, पाळीनं त्याच गादीवर झोपतात. ठेकेदार काही महिन्यांनी ब्रेक देतो, पुन्हा नवं गेट, पुन्हा नवं ओळखपत्र. गावी आईला सांगतात, पर्मनंट होणार आहे. त्यांचं लग्न त्या एका शब्दावर अडलेलं असतं. मुलीही आहेत आता, वायरिंगच्या लाइनवर, पगारातला बराचसा भाग धाकट्या भावाच्या शिक्षणाला पाठवणाऱ्या. त्या मुलींनी स्वतःसाठीही काही ठेवावं, एवढी बुद्धी त्यांना दे. आणि त्यांना ते मागायची वेळ येऊ न देण्याची बुद्धी त्यांच्या घरच्यांना दे.

आणि आमच्या सोसायटीच्या गेटवरचा तो माणूस. पश्चिम नेपाळातून, अछामकडून आला आहे. 1950 च्या भारत-नेपाळ करारामुळे त्याला सरहद्द ओलांडायला व्हिसा लागत नाही, पण तिकीट लागतं, रजा लागते, आणि रजेच्या दिवसांचा पगार कापला जातो. सगळे त्याला बहादूर म्हणतात. तीन वर्षं त्याच्या हातून पार्सल घेणाऱ्यांना त्याचं नाव ठाऊक नाही. त्याच्या देशाच्या उत्पन्नाचा सुमारे चौथा हिस्सा बाहेर गेलेल्या माणसांनी घरी पाठवलेल्या पैशातून येतो. कतारला, मलेशियाला, आमच्या मोशी-रावेतला गेलेल्या माणसांच्या गावांत नवी घरं उभी राहिली, आणि त्यांत म्हातारी माणसं नि लहान मुलं. शेतं ओसाड पडली. तो मला म्हणाला होता, घर पक्कं झालं, पण आत राहायला मी नाही. आपल्या गावांचं जे होत आहे तेच त्याच्या डोंगरात आधी होऊन गेलं, असं मला त्या दिवशी वाटलं.

आपण भाऊबीज करतो त्याच दिवशी त्यांच्याकडे भाईटीका असतो. बहीण भावाच्या कपाळावर सात रंगांचा टिळा लावते, दारात अक्रोड फोडते, गळ्यात मखमलीच्या फुलांची माळ घालते. त्या दिवशी आमच्या घराघरांतून भाऊ ओवाळून घेतात आणि तो गेटवर आमच्या भावांच्या गाड्या नोंदवतो. देवा, तो तुला कुठल्या नावानं हाक मारतो मला ठाऊक नाही, पण हाक तुलाच पोचते. आमच्या सोसायटीला त्याच्या दसैंच्या सणासाठी पगारी रजा द्यायचं सुचू दे. मीच बैठकीत उभी राहून मागेन, तू नुसतं माझं बोलणं अर्ध्यात तुटू देऊ नकोस.

ज्यांचं काम थांबलं त्यांच्या घरात तू आधी जा. तळेगावला 2020 च्या डिसेंबरात मोटारींचा मोठा कारखाना थांबला. त्याच्या आधी आणि नंतरही लहान-मोठी कुलपं लागतच आली. पैसा मिळवणारा म्हणूनच ज्याला घरात मान होता, तो घरी बसला की त्याला आपण कोण ते कळेनासं होतं. त्याच्या बायकोनं डबे करून घर चालवलं तर ते त्याला लाजेचं वाटू नये. आणि वाकडच्या, निगडीच्या उंच घरांत ज्या आईबापांची मुलं अमेरिकेत, जर्मनीत आहेत, त्यांच्याकडे रविवारी फोन येतो, त्या फोननंतरचा सोमवारही त्यांना सोसू दे.

इंद्रायणीवर आता फेस तरंगतो, पांडुरंगा. ज्या पाण्यात खतं सोडली गेली त्यात आमच्या शहराचं मैलापाणी आणि कारखान्यांचं सांडपाणी येतं, आणि कार्तिकीला वारकरी तो फेस हातानं बाजूला करून डुबकी मारतात. हेही आमच्याच कमाईचं आहे. पोरांसाठी मिळवताना पोरांचं पाणी आम्ही घालवलं. नदी परत मागायला मला तोंड नाही, तरी मागते.

आता माझं. वडील गेल्यावर चाकणच्या अलीकडचा जो तुकडा राहिला आहे, तो विकायचं भावानं आणि चुलतभावांनी ठरवलं आहे. कागद तयार आहे. राजगुरुनगरच्या कचेरीत मला बोलावलं आहे. सही करायची की वाटा मागायचा हे तुझ्यावर टाकत नाही, ते मी ठरवलं आहे. मी वाटा मागणार आहे. वडिलांच्या ज्या रात्रींतून भावाचं घर उभं राहिलं त्याच रात्रींनंतरच्या दुपारी मीही कुजबुजत वाढले, म्हणून मागणार आहे. आकडा सांगताना माझा आवाज चढू देऊ नकोस. वहिनी पदर ओढून आत निघून गेली तर तिच्या मागे जाऊन तिच्याशी बोलायचं मला सुचू दे, तिलाही तिच्या माहेरी असंच कुणीतरी सहीला बसवलं होतं. भावानं हो म्हटलं तर मोठेपणानं दिल्यासारखं त्याला वाटू देऊ नकोस आणि मिळवल्यासारखं मला. त्यानं नाही म्हटलं, तर मला वकिलाकडे जायचं बळ दे, आणि तरीही भाऊबीजेला ताट घेऊन त्याच्या दारात जायचंही दे. दोन्ही दे, विठ्ठला. त्यातलं एकच देऊन मला परत पाठवू नकोस.